शाहिराला एक संध्याकाळ द्या

वेरूळला राहणाऱ्या माणसाला बाहेरगावचे पाहुणे दोनच प्रश्न विचारतात. कैलास लेणं एका दिवसात बघून होतं का, आणि भोसल्यांची गढी कुठे आहे? पहिल्याचं उत्तर सोपं आहे : नाही होत. गढीकडे मात्र नुसतं बोट दाखवून भागत नाही. मालोजीराजांकडे इथली पाटीलकी होती, त्यामुळे शिवजयंती आली की आम्हा गावकऱ्यांच्या अंगात जरा जास्तच येतं. फेटे, मिरवणूक, कर्णे, आणि राजांचं कूळ आमच्या मातीतलं हा अभिमान. अभिमानाबद्दल तक्रार नाही. पण राजांचे विचार नेमके कुणाकडे राहिले, हे मिरवणुकीत कुणी विचारत नाही. शाहीर संभाजी भगत यांनी ते भर रंगमंचावर विचारलं, आणि त्यासाठी माणसं घेतली ती आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातली.

'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक २०१२ साली आलं. कल्पना आणि संगीत भगतांचं, लेखन राजकुमार तांगडे यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. तांगडे घनसावंगी तालुक्यातल्या जांबसमर्थचे, म्हणजे समर्थ रामदासांच्या जन्मगावचे. राजांचे गुरू कोण, या वादात ज्या गावाचं नाव आपोआप ओढलं जातं, तिथल्याच शेती करणाऱ्या पोरांनी हे नाटक अंगावर घ्यावं, ही गंमत मला अजून पुरते. नाटकात यम राजांना घेऊन जातो, पण राजांचे विचार खालीच राहतात. मग ते हुडकायला यम राजांची पगडी घेऊन पुन्हा पृथ्वीवर येतो आणि ती कुणाच्या डोक्याला बसते ते बघत हिंडतो. पुढे दोन शाहिरांचा सवाल-जवाब रंगतो. शत्रू मुसलमान होता एवढंच सांगणारा शिवाजी एकीकडे आणि रयतेच्या भाजीच्या देठाला हात लावू नका असं सैन्याला बजावणारा राजा दुसरीकडे. प्रेक्षक हसत हसत कोंडीत सापडतो. व्याख्यानात हेच सांगितलं असतं तर निम्मी माणसं चहाला उठली असती.

भगत मूळचे पाचगणीजवळच्या महूचे, दलित कुटुंबातले. शिकायला मुंबईत आले, विद्यार्थी चळवळीत पडले आणि आव्हान नाट्य मंचात विलास घोगरे यांच्यासोबत गाऊ लागले. झोपडपट्ट्या, गिरण्यांचे दरवाजे, चाळींचे चौक ही त्यांची नाट्यगृहं. त्यांच्या गाण्याइतकंच गाण्यांच्या मधलं बोलणं महत्त्वाचं असतं. कडवं संपलं की डफ थांबतो, ते समोरच्या बाईला, पोराला, म्हाताऱ्याला काहीतरी विचारतात, हशा होतो, आणि त्या हशातच पुढचं कडवं सुरू होतं. कधी कधी हे बोलणं लांबतं आणि मला वाटतं, आता गा ना शाहीर! पण लोक जागचे हलत नाहीत, तेव्हा माझा मुद्दा निकालात निघतो.

घोगऱ्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय भगतांची पुरी होत नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसं गेली. ते पाहून आलेल्या घोगऱ्यांनी काही दिवसांतच आपल्या झोपडीत गळफास घेतला. त्यांचं गाणं आनंद पटवर्धन यांनी 'हमारा शहर' या माहितीपटात आधीच टिपलं होतं. पुढे चौदा वर्षं चित्रण करून त्यांनी 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट केला. त्यात भगत वस्तीवस्तीत गाताना दिसतात, आणि त्यांच्यानंतरची शीतल साठेही.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' चित्रपटात शाहिराच्या तोंडची गाणी भगतांची आहेत. गाण्यामुळे एका सफाई कामगारानं आत्महत्या केली, असा खटला त्या शाहिरावर भरला जातो. ती भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. २०२१ मध्ये कोरोनानं ते गेले. न्यायालयात गाण्याच्या ओळी सरकारी आवाजात वाचल्या जातात, तो प्रसंग बघून हसावं की रडावं कळत नाही.

अमेरिकेत १९६५ साली न्यूपोर्टच्या महोत्सवात बॉब डिलननं इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली, तेव्हा लोकसंगीताचे निष्ठावंत खवळले. आपल्या शाहिरांनी असला सोवळेपणा पाळलाच नाही. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढलं, तेव्हा तमाशाचा वग सरळ उचलून त्यात गिरणी कामगार उभा केला. वामनदादा कर्डकांनी कव्वाली वापरली, सिनेमाच्या चालीही वापरल्या. चाल कुठूनही येवो, शब्द समोरच्या माणसाच्या पोटाचे हवेत, एवढीच त्यांची अट.

आता आमच्या जिल्ह्याचं. वेरूळ-अजिंठा महोत्सव एकेकाळी लेण्यांच्या पायथ्याशी होई. नंतर तो शहरातल्या सोनेरी महालात गेला. महाल विद्यापीठाच्या अंगाला आहे. या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव १९७८ साली विधिमंडळानं केला, मराठवाड्यात दलितांची घरं जळली, माणसं मेली, आणि १४ जानेवारी १९९४ ला कुठे नामविस्तार झाला. दरवर्षी त्या तारखेला विद्यापीठाच्या कमानीपाशी भीमगीतं चालतात. म्हणजे महोत्सवाच्या मांडवापासून हाकेच्या अंतरावर मराठी शाहिरीचा एवढा मोठा मेळा भरतो, आणि महोत्सवाची ओळख मात्र शास्त्रीय गायन-नृत्याचीच राहिली आहे. त्या कलावंतांबद्दल मला आदर आहे. तिकीट काढून जातोही.

आयोजकांना विनंती एवढीच : पुढच्या महोत्सवातली एक संध्याकाळ शाहिरांना द्या. शक्य असेल तर भगतांना बोलवा, जांबसमर्थच्या पोरांना बोलवा, कमानीपाशी गाणाऱ्या आमच्या जिल्ह्यातल्या पार्ट्यांनाही बोलवा. त्या दिवशी तिकीट ठेवू नका. आणि ध्वनिक्षेपकाचा आवाज बेताचा ठेवा. शाहिरीत शब्द ऐकू यावे लागतात.