मागणे आणि देणे : मध्ययुगीन कथनाच्या अभ्यासातील एक उपेक्षित सूत्र

तौलनिक साहित्याभ्यासात मराठी गद्याचा उल्लेख होतो तो बहुधा कालक्रमाच्या अभिमानाने. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील आणि बोकाचिओचे ‘डेकॅमेरॉन’ चौदाव्या शतकाच्या मध्यावरचे. म्हणून आपले गद्य आधीचे, एवढ्यावर विवेचन संपते. वस्तुतः इटलीतील ‘नोव्हेलिनो’ हा लघुकथांचा संग्रहही तेराव्या शतकाच्या अखेरीचाच मानला जातो. तेव्हा प्रश्न अग्रक्रमाचा नाही. या दोन्ही परंपरांत ‘याचना आणि तिची पूर्तता’ हा कथाबंध कोणते नैतिक कार्य करतो, हा खरा प्रश्न आहे.

इटालियन कथेत देणारा हा माणूस असतो आणि देण्याची किंमत त्यालाच मोजावी लागते. ‘डेकॅमेरॉन’चा दहावा दिवस तर औदार्याच्याच कथांना वाहिलेला आहे. पाचव्या दिवसाची फेदेरिगोची कथा या दृष्टीने अधिक बोलकी आहे. प्रेमापायी निर्धन झालेल्या फेदेरिगोजवळ एक ससाणा तेवढा उरला आहे. ती स्त्री, आता विधवा झालेली, आजारी मुलासाठी तो ससाणा मागायला येते. पण तिच्या पाहुणचारासाठी त्याने तो आधीच मारून रांधलेला असतो. सर्वस्व दिल्यामुळेच मागितलेली वस्तू देता येत नाही. याचनेचा असा करुण पेच चमत्काराला वावच ठेवत नाही.

याउलट अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूरची परंपरा पाहावी. गोविंदप्रभूंच्या लीळांत त्यांना गावाचे मायबाप मानून लोक गाऱ्हाणे घेऊन येतात. अस्पृश्य मानलेल्या लोकांनी पाण्यासाठी केलेली विनवणी आणि त्यांना मिळालेले पाणी ही त्यांपैकी एक विलक्षण कथा. तेराव्या शतकात अशी याचना गद्यात नोंदली जावी, ही सामान्य गोष्ट नव्हे. तथापि अभ्यासकाने येथेच थांबू नये. देणारा ईश्वरस्वरूप असल्याने त्याला देण्यात काही गमवावे लागत नाही. आणि ज्या समाजामुळे याचना करण्याची वेळ आली, त्याच्याकडे कोणी काही मागत नाही. तहान भागते, पाणवठ्याचा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो.

हा प्रश्न याच जिल्ह्यात विसाव्या शतकात पुन्हा उभा राहिला. ऋद्धिपूर मोर्शी तालुक्यात, तर गुरुकुंज मोझरी तिवसा तालुक्यात. तेथे 1935 साली आश्रम स्थापन करणाऱ्या तुकडोजी महाराजांच्या (1909-1968) वाङ्मयातही मागणे आहे. भारतात बंधुभाव नांदावा असा वर मागणारे त्यांचे पद सर्वश्रुत आहे. पण या मागण्यात आणि जुन्या विनवणीत एक मूलभूत भेद आहे. बंधुभाव ही कोणी वरून टाकावी अशी वस्तू नव्हे. ती मागणाऱ्यांनीच एकमेकांना द्यावयाची असते. 41 अध्यायांची ‘ग्रामगीता’ हेच सूत्र विस्तारते. तिच्यात गाव हाच याचक आणि गाव हाच दाता. सामुदायिक प्रार्थनेला तेथे श्रमाची व ग्रामसेवेची जोड मिळते, ती याच कारणाने.

याचा अर्थ लीळांचे मोल कमी होते असा नव्हे. ज्ञानेश्वरांचे पसायदानही मागणेच आहे आणि त्याचा आवाका विश्वाएवढा आहे. आक्षेप आहे तो अध्यापनाच्या रूढ रीतीवर. संतवाङ्मयातील याचना ‘भक्तिभाव’ या एकाच रकान्यात टाकली, की कोण मागतो, कोणाकडे मागतो, देण्याची झळ कोणाला बसते आणि कोणाकडे मागायचे राहून जाते, हे प्रश्न वर्गात उपस्थितच होत नाहीत. फेदेरिगोचा ससाणा, ऋद्धिपूरचे पाणी आणि मोझरीची प्रार्थना एकत्र वाचल्यास ते टाळता येत नाहीत. प्रभाव शोधण्यापेक्षा असे प्रश्न जागे करणे, हेच तौलनिक अभ्यासाचे प्रयोजन मानले पाहिजे.