डब्यावरचे लहान शब्द



बोरी अरबच्या शिवारात पऱ्हाटी कमरेला लागली की घरात फवारणीच्या औषधाचा डबा येतो. त्यावरचे बारीक इंग्रजी वाचायला शाळेतल्या मुलामुलींना हाक जाते. मुले मोठे शब्द वाचतात आणि ‘पर’, ‘विथ’, ‘विदिन’ असे लहान शब्द गिळून टाकतात. मराठीत ‘पाण्यात’, ‘वाऱ्याविरुद्ध’ असे हे अर्थ शब्दाच्या मागे चिकटून येतात. इंग्रजीत ते सुटे, शब्दाच्या आधी येतात, म्हणून नजरेतून निसटतात.

‘पर’ म्हणजे दर. पण दर कशाला, ते पुढे पाहावे. समजा, ‘२५० मिली पर हेक्टर, इन ५०० लिटर वॉटर’ असे लिहिले आहे. हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. तेव्हा एकराला १०० मिली औषध २०० लिटर पाण्यात, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला साडेसात मिली. हेक्टरचे माप एकराला वापरले, तर विष अडीचपट होते.

‘इन वॉटर’ म्हणजे पाण्यात. ‘डू नॉट मिक्स विथ’ म्हणजे पुढे लिहिलेल्या वस्तूबरोबर मिसळू नका. ‘अगेन्स्ट द विंड’ म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध. तसे फवारले, तर तुषार आपल्याच तोंडावर येतात.

‘विदिन’ आणि ‘आफ्टर’ यांतही गल्लत नको. ‘डू नॉट हार्वेस्ट विदिन ७ डेज’ म्हणजे फवारणीपासून सात दिवसांच्या आत तोडा करू नका. ‘आफ्टर’ म्हणजे नंतर. भेंडी-वांग्याच्या वाफ्यावर हा फरक चुकला, तर विष थेट ताटात येते. ‘आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन’ म्हणजे मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी. ‘आउट ऑफ’ सुटले, तर अर्थ नेमका उलटा होतो.

२०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले. उंच वाढलेली पऱ्हाटी, औषधांची मिश्रणे आणि अंगावर पुरेसे संरक्षण नसणे अशी कारणे तेव्हा पुढे आली. नुसते इंग्रजी वाचता आल्याने हे सारे टळले असते असे नाही. पण सावधगिरीची सुरुवात डब्यापासूनच होते.

म्हणून एवढे करा. डब्यासोबतचे माहितीपत्रक दुकानदाराकडून मागून घ्या व त्यातला मराठी मजकूर आधी वाचा. त्रिकोणाचा रंग पाहा. लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. मुलांकडून वाचून घेताना प्रत्येक लहान शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढायला सांगा आणि त्याचा मराठी अर्थ विचारा. अडले तर सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा, अंदाजाने माप घेऊ नका.

आणि फवारताना कोणाला चक्कर, मळमळ झाली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर काम तिथेच थांबवा. कपडे उतरवून अंग साबणाने धुवा, रुग्णाला लगेच दवाखान्यात न्या आणि डब्यावरची चिठ्ठी डॉक्टरांच्या हाती द्या.