वाहनाची विचारपूस

माणसाचे दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, असे आपल्याकडे म्हणतात. यंत्राची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याचे दुखणे बहुधा मुंगीच्या पावलांनीच येते. मोटार भर रस्त्यात बंद पडली म्हणजे लोक म्हणतात, "गाडी अचानक बिघडली!" परंतु हे 'अचानक' पुष्कळदा खरे नसते. गाडी कित्येक दिवस आपले गाऱ्हाणे सांगतच असते. कधी आवाजाने, कधी वासाने, कधी धुराच्या रंगाने, तर कधी जमिनीवर पडलेल्या तेलाच्या थेंबाने. ते ऐकून घेणारा मात्र कोणी नसतो.

वाहनाची काळजी वाहणे हे केवळ मेस्तरीचे काम आहे, अशी अनेकांची समजूत असते. मालकाने पेट्रोल भरावे, चालकाने गाडी हाकावी आणि ती अडून बसली की गॅरेजचा रस्ता धरावा! ही समजूत चुकीची आहे. इतकेच नव्हे, तर ती घातकही आहे. मेस्तरीच्या हाती गाडी वर्षातून एकदोन वेळा जाते. चालकाचा तिच्याशी रोजचा सहवास असतो. आजचा आवाज कालच्याहून वेगळा आहे, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार?

मोटारीचा जन्म झाला तेव्हा तर गॅरेज नावाची वस्तूच नव्हती. १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतील बर्था बेंझ ही स्त्री पतीने बनविलेल्या तीनचाकी मोटारीत आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइम शहरातून निघाली. सुमारे शंभर किलोमीटरांवरील फोर्ट्सहाइम या माहेरच्या गावी तिला जावयाचे होते. वाटेत इंधनाची नळी तुंबली, तेव्हा तिने टोपीला लावण्याच्या लांब टाचणीने ती मोकळी केली. ठिणगी पाडणाऱ्या तारेचे आवरण झिजले, तेव्हा मोज्याच्या बंदाने ती तार झाकली. ब्रेकचे ठोकळे झिजले, तेव्हा जोडे शिवणाऱ्या कारागिराकडून त्यांना चामड्याचे अस्तर लावून घेतले, असे सांगतात. यातला प्रत्येक उपाय साधा आहे. परंतु त्याआधी दोष नेमका कोठे आहे, हे ओळखावे लागले. निदान बरोबर ठरले म्हणून टाचणीसुद्धा कामी आली.

निदान करणे म्हणजे लक्षणावरून कारणाकडे जाणे. समजा, सकाळी गाडी सुरू होत नाही. सेल्फ मारल्यावर नुसती टकटक होते आणि दिवेही मंद लागतात, तर संशय बॅटरीकडे जातो. कदाचित तिच्या टोकांवर पांढरा-हिरवा क्षार साचला असेल. उलट, इंजिन जोमाने फिरते पण पेट घेत नाही, तर इंधन पोहोचते काय आणि ठिणगी पडते काय, हे पाहावे लागते. सायलेन्सरमधून सतत निळसर धूर येऊ लागला, तर इंजिनात तेल जळत असल्याची ती खूण होय. टायरसुद्धा बोलका असतो. दोन्ही कडा झिजल्या असतील, तर त्यात हवा कमी राहिली. मधला भाग झिजला असेल, तर ती जास्त झाली. आणि एकच कड झिजली असेल, तर बहुधा चाके सरळ रेषेत नाहीत.

कारण न शोधता नुसते लक्षण झाकणारे लोकही असतात. रेडिएटरमधील पाणी रोज कमी होते, म्हणून ते रोज भरतात आणि आपण मोठी काळजी घेतली असे समजतात. परंतु पाणी कमी होते त्या अर्थी ते कोठेतरी जात असलेच पाहिजे. नळी फुटली आहे की सांधा गळतो आहे, हे न पाहणारा मनुष्य गाडीची काळजी घेत नसून संकटाची तारीख पुढे ढकलीत असतो.

यावर कोणी म्हणेल, आता गाड्यांत संगणक आला आहे, दोष झाला की समोर दिवा लागतो. मग हाताने तपासणी कशाला? संगणक उपयोगी आहे यात शंका नाही. परंतु तो मनुष्याचा मदतनीस आहे, त्याच्या दक्षतेचा वारस नव्हे. दोष कोणत्या भागात जाणवला, एवढेच तो सांगतो. त्याची कारणे अनेक असू शकतात आणि खरे कारण माणसालाच शोधावे लागते. शिवाय दिवा पुष्कळदा उशिरा बोलतो. तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागला, की गाडी तत्काळ बाजूला घेऊन इंजिन बंद करावे लागते, कारण त्या क्षणी इंजिनाच्या जिवावरच बेतलेले असते. तेल मोजण्याची साधी पट्टी मात्र ते कमी होत असल्याचे कित्येक दिवस आधी दाखविते.

ब्रेकच्या बाबतीत तर ही दक्षता जीवनमरणाची ठरते. बोरघाटातून खोपोलीकडे उतरताना जो चालक गाडी खालच्या गिअरमध्ये न ठेवता सारखा ब्रेक दाबून धरतो, त्याचे ब्रेक अतिशय तापतात. ब्रेकमधील द्रव हवेतील ओलावा हळूहळू शोषून घेतो आणि जुना झाला की कमी उष्णतेतच उकळू लागतो. मग त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय दाबला तरी ब्रेक लागत नाही. वरून पाहता तो द्रव पूर्ण भरलेला दिसतो! म्हणूनच गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत तो बदलणे अवश्य आहे. घाटात ब्रेक निकामी झाल्यावर त्याची आठवण काढणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे होय.

नित्याच्या तपासणीला वेळ तरी किती लागतो? दहा मिनिटे पुरेत. गाडी सपाट जागी असावी आणि इंजिन थंड असावे. पट्टी पुसून, पुन्हा बुडवून तेल दोन खुणांच्या दरम्यान आहे ना, ते पाहावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडू नये. आतील उकळते पाणी उसळून अंग भाजते. टायरमधील हवा थंड असताना मोजावी, त्यांच्या खाचा पाहाव्यात; खाचांची खोली १.६ मिलिमीटर उरली, की मोटारीचा टायर बदलण्याची वेळ आली असे समजावे. शेवटी दिवे, भोंगा, काच पुसण्याचे वायपर आणि ब्रेक तपासावेत. ज्याचे पोट हातावर आहे, त्या रिक्षावाल्यालाही ही तपासणी परवडते, कारण तिला पैसा लागत नाही. न परवडणारी गोष्ट आहे ती दुर्लक्ष. त्यापायी पुढे कित्येक दिवसांची कमाई बुडते.

रस्ता कोणा एकाच्या मालकीचा नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने इतरांना धोका होईल असे सदोष वाहन चालविणे हा गुन्हा मानला आहे. विशेष हे की, दोष ठाऊक असलाच पाहिजे असे नाही. सामान्य काळजी घेतली असता तो कळला असता, एवढेही पुरेसे आहे. "मला ठाऊक नव्हते" ही सबब कायद्याला मान्य नाही, आणि ती मान्य होऊही नये. गुळगुळीत टायरची गाडी पावसात घसरली, तर मालकाबरोबर कडेने शाळेला जाणारी मुलेही संकटात सापडतात. त्यांनी कोणता अपराध केलेला असतो?

मुलांना मोटार चालविता येत नसली, तरी या कामात त्यांना वाटा घेता येईल. वडीलधाऱ्यांबरोबर उभे राहून तपासणी पाहावी, आपल्या सायकलचे ब्रेक, साखळी आणि हवा स्वतः पाहावी. शाळेच्या गाडीचा ब्रेक करकरू लागला, तर ते चालककाकांना आणि घरी आईवडिलांना अवश्य सांगावे. त्यात उद्धटपणा मुळीच नाही. ज्या गाडीत आपण रोज बसतो, तिची विचारपूस करणे हे आपलेही कर्तव्यच आहे.