आवाजाची मालकी

आषाढीला रत्नागिरीच्या बाजारपेठेत ध्वनिक्षेपकावर प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलगीते वाजतात. १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या आंबडवे या मूळ गावाच्या वाटेवर भीमगीते ऐकू येतात, त्यांतही तोच कव्वालीत मुरलेला खडा गळा असतो. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून याच जिल्ह्यातील पालगडच्या साने गुरुजींना १९४७ साली उपोषणास बसावे लागले होते. त्यानंतरच्या काळात त्या विठ्ठलाचे घरोघरचे गाणे आंबेडकरी समाजातील एका गायकाच्या मुखातून यावे, ही सामान्य घटना नव्हे.

१९५६ च्या धर्मांतरानंतर हे गाणे गावेच का, असे वैषम्य काही कार्यकर्त्यांना वाटते. ते समजण्यासारखे आहे. पण त्याचा जाब गायकाला विचारणे अन्यायाचे होईल. भीमगीत वस्तीच्या वर्गणीवर जगते. भक्तिगीताला गिऱ्हाईक सर्व जातींत मिळते. पोट हातावर असलेल्या कलावंताने कोठे जावे, हे बाजारच ठरवतो.

अमेरिकेत कृष्णवर्णीय गायक रे चार्ल्स यांनी १९६२ साली गोऱ्या ग्रामीण समाजाची मानली गेलेली 'कंट्री' गाणी आपल्या ढंगात गायिली आणि ती सर्व थरांत खपली. तेथेही वर्णाची भिंत होतीच. परंतु ध्वनिमुद्रिका कंपनीशी करार करतानाच त्यांनी आपल्या मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी स्वतःकडे राखली होती. भिंत ओलांडली गायकाने आणि लाभही त्याच्याच पदरात पडला.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गायकाला स्थानच नव्हते. ध्वनिमुद्रण निर्मात्याचे, गायकाला ठरलेली बिदागी दिली की व्यवहार मिटला. गाणाऱ्याचे हक्क १९९४ च्या दुरुस्तीने मान्य झाले आणि रॉयल्टीची तरतूद २०१२ साली आली. प्रल्हाद शिंदे २००४ सालीच निवर्तले होते. कॅसेटचा सुगीचा काळही तोवर सरला होता. श्रमाचे मूल्य भांडवलाकडे कसे वळते, हे शिकवायला याहून सोपा धडा कोणता?

आज कोकणातील नमन-खेळे आणि शक्ती-तुऱ्याचे शाहीर मोबाइलच्या पडद्यावर पोहोचले आहेत. चित्रीकरण करणाऱ्याशी लेखी करार मात्र क्वचितच होतो. जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी शिमग्यापूर्वी गावोगावच्या मंडळांशी बोलून मराठीतील साधा करारनामा त्यांच्या हाती द्यावा, आणि तो वाचल्याखेरीज कोणी अंगठा उठवू नये एवढे पाहावे.