गाडी थांबल्यानंतर : पाठलागाच्या सौंदर्यशास्त्राविषयी

अमेरिकी मारधाडपटांतील मोटारींच्या पाठलागाविषयी चित्रपटसमीक्षेत एक मत जवळजवळ सिद्धान्ताच्या थाटात रूढ झाले आहे. पाठलाग म्हणजे ‘शुद्ध चित्रपट’; त्यात संवाद नाही, विचार नाही, बोध नाही; आहे ती केवळ गती. म्हणून त्याचा आस्वाद संगीतासारखा, आशयनिरपेक्ष घेतला पाहिजे, असे हे मत सांगते. मराठी वाचकाला ह्या युक्तिवादाचा परिचय नव्याने करून देण्याचे कारण नाही. मर्ढेकरांनी मांडलेल्या संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयतत्त्वांच्या आधारे एखाद्या पाठलागाचे विश्लेषण सहज करता येईल, आणि ते चुकीचेही ठरणार नाही. ते अपुरे ठरेल. आणि ह्या प्रकरणी अपुरेपण निरुपद्रवी नाही.

पाठलाग मोटारीबरोबर जन्माला आला नाही. बस्टर कीटनच्या ‘कॉप्स’ (१९२२) ह्या मूकपटात शहराचे सारे पोलीसदल एका पायी पळणाऱ्या माणसाच्या मागे लागते. प्रेक्षकाचे हसू आणि सहानुभूती दोन्ही त्या पळणाऱ्याकडे असतात. पीटर येट्स दिग्दर्शित ‘बुलिट’ (१९६८) पर्यंत येताना हे नाते उलटले. प्रेक्षकाला पाठलाग करणाऱ्या पोलिसाच्या शेजारी, मोटारीच्या काचेआड बसवण्यात आले, आणि काचेबाहेर उरलेली माणसे ‘अडथळे’ झाली. हा बदल केवळ तंत्राचा आहे असे म्हणणे म्हणजे दृष्टिकोण हा आशयाचा भागच नव्हे असे म्हणण्यासारखे आहे.

‘बुलिट’चा पाठलाग आदर्श मानला जातो. फोर्ड मस्टँग आणि डॉज चार्जर ह्यांची शर्यत खरोखर सुरू होताच पार्श्वसंगीत थांबते, इंजिनांचा आवाज तेवढा उरतो. संकलक फ्रँक केलर ह्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले ते उगीच नव्हे. ह्याच प्रसंगात एक हिरवी फोक्सवॅगन बीटल पुन:पुन्हा दिसते. दोन्ही गाड्या तिला मागे टाकतात, आणि थोड्या वेळाने पुन्हा मागे टाकतात. रूपनिष्ठ समीक्षक ही संकलनातील चूक म्हणून नोंदवून पुढे जातो. परंतु पहिल्यांदा चित्रपट पाहणाऱ्या बहुतेकांना ही चूक दिसत नाही; ती का दिसत नाही, हा खरा प्रश्न आहे. त्या गाडीत कोणी नागरिक बसला आहे, त्यालाही कुठेतरी पोहोचायचे आहे, ह्याकडे न पाहण्याची सवय ह्या चित्रपटसंहितेने प्रेक्षकाला आधीच लावलेली असते. शुद्धता असते ती ह्या न पाहण्यात.

सान फ्रान्सिस्को शहराचेही तेच झाले आहे. पडद्यावर एकमेकांना जोडलेले रस्ते प्रत्यक्षात शहराच्या दूरदूरच्या भागांत आहेत. गतीच्या सोयीसाठी शहराचा भूगोल कापून पुन्हा शिवला आहे. ह्याच शहराच्या नगरमंडळाने १९५९ मध्ये नागरिकांच्या विरोधामुळे नियोजित दहा महामार्गांपैकी सात रद्द केले होते. वेगासाठी आपल्या वस्त्या देण्यास ज्यांनी नकार दिला, त्यांच्याच उतारांवर नऊ वर्षांनी वेगाचे महाकाव्य रचले गेले, आणि समीक्षेने त्याला निर्हेतुक म्हटले.

ह्यावर असा आक्षेप येईल की, कलाकृतीवर समाजशास्त्राचा भार कशाला लादायचा? उत्तर कलाकृतींमध्येच आहे. विल्यम फ्रिडकिनच्या ‘द फ्रेंच कनेक्शन’ (१९७१) मध्ये पोलीस डॉयल एका नागरिकाची मोटार हिसकावून घेतो आणि ब्रुकलिनमध्ये उन्नत रेल्वेच्या खालून धावणाऱ्या रस्त्यावर आगगाडीचा पाठलाग करतो. वर सार्वजनिक वाहन, खाली बळकावलेले खासगी वाहन. मध्येच बाबागाडी घेऊन आलेली स्त्री. काही चित्रण आवश्यक परवान्याविना, खऱ्या रहदारीत झाले, हे फ्रिडकिन ह्यांनीच पुढे सांगितले आहे. ह्या प्रसंगाची विश्लेषणे बहुधा गाडी थांबते तेथेच थांबतात. चित्रपट थांबत नाही. स्थानकाच्या जिन्यावर डॉयल समोरच्या माणसाच्या पाठीत गोळी घालतो. सगळी लय ह्या गोळीपाशी येऊन पोहोचते. ती वगळून केलेले लयविश्लेषण लयीशीही प्रामाणिक नाही.

त्याच वर्षीच्या रिचर्ड सराफियनच्या ‘व्हॅनिशिंग पॉइंट’मध्ये पांढऱ्या डॉज चॅलेंजरमधून पळणारा कोवाल्स्की स्वातंत्र्याचे प्रतीक ठरला. त्याला रेडिओवरून दिशा दाखवणारा निवेदक ‘सुपर सोल’ कृष्णवर्णीय आहे, अंध आहे, आणि आपल्या केंद्राच्या खोलीत बसून आहे. जमाव चालून येतो तो त्या खोलीवर. मार खातो तो निवेदक. गौरवर्णीयाच्या वाट्याला महामार्ग आणि मिथक, कृष्णवर्णीयाच्या वाट्याला आवाज आणि मार, ही वाटणी चित्रपट स्वत:च उघड करतो. गतीची स्तुती करणाऱ्या समीक्षेला मात्र ती ऐकू येत नाही.

मार्च १९९१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी रॉडनी किंग ह्या कृष्णवर्णीय चालकाचा महामार्गावर पाठलाग केला. गाडी थांबल्यानंतर त्याला झालेली मारहाण एका रहिवाशाने व्हिडिओवर टिपली. एप्रिल १९९२ मध्ये ज्यूरीने आरोपी असलेल्या चारही पोलिसांपैकी कोणालाही दोषी ठरवले नाही. त्यानंतरच्या हिंसाचारात पन्नासहून अधिक माणसे मेली. पुढे संघीय न्यायालयात दोघांना शिक्षा झाली. ह्या घटनेला चित्रपट जबाबदार आहेत असा बाळबोध निष्कर्ष येथे काढायचा नाही. परंतु जो देश पाठलागाकडे गतीचा खेळ म्हणून पाहतो, त्या देशात पाठलागाचा अर्थ गाडी थांबल्यावर, रस्त्यावर उतरवलेल्या शरीरावर लिहिला जातो, हे ह्या घटनेने सिद्ध केले.

‘बुलिट’ पाहताना होणारा आनंद खोटा नाही, आणि त्याची लाज बाळगण्याचे कारणही नाही. आक्षेप आहे तो त्या आनंदाला निरपराध ठरवणाऱ्या समीक्षेवर. लय कोणासाठी रचली, समतोल साधताना रस्त्यावरून कोणाला हटवले, आणि इंजिन बंद झाल्यावर काय घडले, हे विचारणे म्हणजे सौंदर्यविचार सोडणे नव्हे. ते विचारल्याशिवाय तो विचार पुरा होत नाही.