रविवारच्या बाई परत जातात तेव्हा...

जुलै संपत आला की आपल्या सातारा-सांगलीकडच्या बऱ्याच घरांत एकसारखंच चित्र दिसतं. हॉलमध्ये दोन मोठ्या बॅगा उघड्या पडलेल्या, शेजारी वजनकाटा आणि आई-लेकीची घासाघीस. कांदा-लसूण मसाला, मेतकूट, सांगलीची हळद, भडंग, कंदी पेढ्यांचा डबा... एक वस्तू आत गेली की दुसरी बाहेर येते. काटा २३ किलोच्या पुढं सरकला की सगळ्यांचे चेहरे पडतात. आणि त्यातच कुठंतरी एक गठ्ठा असतो, जो काही केल्या बाहेर काढला जात नाही. अंकलिपी, बाराखडीचे तक्ते, चित्रांच्या गोष्टींची पातळ पुस्तकं, पाटीवरच्या पेन्सिलींचा खोका. लेकीची मुलं तर आता मोठी झाली, मग हे सगळं कुणासाठी?

मैत्रिणींनो, हे रविवारच्या शाळेसाठी!

अमेरिका-कॅनडातल्या कितीतरी गावांत तिथली महाराष्ट्र मंडळं मुलांसाठी मराठी शाळा चालवतात. १९८१ मध्ये स्थापन झालेलं बृहन्महाराष्ट्र मंडळ ही या मंडळांची मोठी संघटना. तिच्या शाळांना अभ्यासक्रमासाठी आणि परीक्षांसाठी पुण्याच्या भारती विद्यापीठाची साथ मिळाली. हे विद्यापीठ १९६४ मध्ये सुरू करणारे पतंगराव कदम मूळचे आपल्या सांगली जिल्ह्यातल्या सोनसळचे, हे इथं कौतुकानं सांगायला हवं. शाळा भरते ती शनिवारी नाहीतर रविवारी, भाड्यानं घेतलेल्या वर्गात, एखाद्या देवळाच्या हॉलमध्ये किंवा वाचनालयाच्या खोलीत. शिकवणाऱ्या बहुतेक बायका. पगार नाही. उलट खडू-कागदाचा, खाऊचा खर्च पुष्कळदा स्वतःच्याच पर्समधून.

यातल्या अनेकींची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. इथं बी.एड. केलं, एखाद्या शाळेत दोन-चार वर्षं शिकवलंही. मग लग्न होऊन नवऱ्याच्या व्हिसावर तिकडं गेल्या. त्या व्हिसावर बायकोला नोकरी करायची परवानगीच नसे. २०१५ पासून त्यातल्या काहीजणींना ती मिळू लागली, सगळ्यांना नाही. पदवीचा कागद कपाटात आणि बाई स्वयंपाकघरात, अशी वर्षं गेली. त्या वर्षांत तिला 'बाई' म्हणून हाक मारली ती या रविवारच्या शाळेनं. म्हणून "फावल्या वेळचा छंद" असं कुणी म्हटलं की तिला ते लागतं. लागणारच.

सातारकरांना तरी बिनपगारी शिक्षणकामाचं मोल समजावून सांगायला नको. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. १९३० मध्ये त्या गेल्या. त्यांच्या त्यागाची बरोबरी रविवारच्या शाळेशी करायची नाही. पण फुकट केलेलं काम हलकं नसतं, हे ज्या मातीनं पाहिलंय, त्या मातीतल्या घरांनी तरी लेकीला "त्यात काय मिळतं गं तुला?" असं विचारू नये.

तर अशी ही लेक सहा आठवडे माहेरी राहून परत जाते. टेक्सासकडच्या शाळा ऑगस्टच्या मध्यालाच उघडतात, न्यूजर्सीकडच्या सप्टेंबरच्या सुरुवातीला. त्यामुळं आपल्याकडं कासच्या पठारावर फुलं यायला लागतात तेव्हा हिचं विमान कधीच उडालेलं असतं. गणपतीही बहुतेक वेळा हुकतात. तिकडं पोचल्यावर पहिला आठवडा पहाटे तीनला टक्क जाग. घर बंद राहिल्याचा वास, रिकामा फ्रिज, कपड्यांचे ढीग, मुलांच्या शाळेची खरेदी. हे सगळं एकटीनं. इकडं कसं, आई चहाचा कप हातात आणून देत होती! आणि याच दिवसांत मराठी शाळेच्या नावनोंदणीचे फोन सुरू होतात. कुणी म्हणतं, यंदा रविवारी सॉकर आहे, जमणार नाही. कुणी म्हणतं, पोरगा ऐकतच नाही हो. गेल्या वर्षी वर्गात बारा मुलं होती, यंदा सात. या सातांसाठी पुन्हा 'अ' अननसाचा. मन अजून कृष्णेच्या घाटावर आणि हात फळ्यावर, अशी अवस्था होते तिची.

पण तिला सगळ्यात जड जाते ती वेगळीच गोष्ट. सुट्टीत भारतात जाऊन आलेली मुलं मराठीत पुढं जाऊन यायला हवीत. ती बरेचदा होती तिथंच परत येतात. असं का व्हावं?

कारण आपण! नातू दारात आला की आपलं सुरू होतं, "कम बेटा, सिट, ईट." शेजारच्या काकू मुद्दाम येऊन "व्हॉट इज युवर नेम?" विचारून जातात. आपल्याच इंग्रजी शाळेत जाणाऱ्या पोरांना आपण पुढं करतो, "बोल ना त्याच्याशी इंग्लिशमध्ये, तेवढीच प्रॅक्टिस." आलेल्या पोराला आपल्या इंग्रजीचं कौतुक नसतं. त्याला चिंच, गोठा, वाड्याचा जिना, आजोबांची शिवी हे सगळं हवं असतं आणि ते मराठीतच मिळतं. वर्षभर दर रविवारी त्या बाईनं जे विणलं, ते आपण सहा आठवड्यांत प्रेमानंच उसवून टाकतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपणही पेढे वाटले होते ना?

भाषा शुद्धच हवी, असा धाकही नको. सांगली-मिरजेकडं बायका सर्रास "मी येतो", "मी करतो" म्हणतात. पुस्तकात "मी येते". रविवारच्या बाई वर्गात "येते" शिकवतात आणि आईला फोनवर "ठेवतो गं आता" म्हणतात. मुलं गोंधळतात, हसतात, विचारतात. विचारू देत! आजी अशी बोलते आणि पुस्तक तसं, हे कळणं म्हणजेच भाषा कळणं. तिकडच्या मुलांना मावशी, आत्या, मामी, काकू या सगळ्यांना एकच शब्द पुरतो. आत्या म्हणजे बाबांची बहीण, हे तक्त्यावरून घोकून पाठ होत नाही. सुट्टीत आत्याच्या घरी चार दिवस राहिलं की आपोआप होतं.

आता लेक गेली, बॅगा गेल्या. ऑगस्ट-सप्टेंबरचे हे दिवस तिला अवघड असतात, तेव्हा फोनवर "जेवलीस का?" एवढ्यावर थांबू नका. वर्गात किती मुलं आली ते विचारा. यंदा स्नेहसंमेलनात नाटक कुठलं बसवताय, ते विचारा. पहिलं मराठी नाटक १८४३ मध्ये ज्या सांगलीत झालं, तिथल्या आजीला हे विचारायचा हक्कच आहे. आणि जमलं तर तिच्या वर्गातच जा! मोबाइलवर दहा मिनिटं, एक गोष्ट, आपल्याच बोलीत, हातवारे करून. चिमणी-कावळ्याची चालेल. न्यूजर्सीत सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडं संध्याकाळचे साडेसहा, दिवाबत्तीच्या आधीची निवांत वेळ. फक्त नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागं जातात, तेव्हापासून साडेसातला बसा.