कोबाल्टचा बागुलबुवा

विजेवरच्या गाड्यांचा विषय निघाला की एक चित्रफीत हमखास पुढे सरकवली जाते. काँगोतल्या कोलवेझीची खाण, चिखलात राबणारी मुलं आणि खाली ओळ: तुमची ‘स्वच्छ’ गाडी या मुलांच्या कोबाल्टवर धावते. निष्कर्षही तयारच असतो. तेलाची गुलामी सोडून खनिजांची पत्करायची. कोळसा काय नि बॅटरी काय, एकाच माळेचे मणी.

चित्रफितीतलं दुःख खोटं नाही. जगातल्या कोबाल्टपैकी सुमारे ७० टक्के कोबाल्ट काँगोत निघतो. तिथे हाताने खणल्या जाणाऱ्या खाणींत मुलं राबतात, हे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१६ मध्येच मांडलं. खोटा आहे तो निष्कर्ष. पुण्याजवळ रांजणगावला तयार होणारी टाटा नेक्सॉनची विजेवरची मोटार महाराष्ट्राच्या रस्त्यांवर सर्रास दिसते. तिच्या बॅटरीत कोबाल्ट नाही, निकेलही नाही. आहे ते लिथियम, लोह आणि फॉस्फेट. कोबाल्ट सापडतो तो बहुधा ही चित्रफीत पुढे पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये. पेट्रोल-डिझेलमधलं गंधक काढणाऱ्या उत्प्रेरकांतही तो असतो, थोडा का होईना. त्याबद्दल कोणी पेट्रोल पंपावर निषेध केल्याचं ऐकिवात नाही.

ही लोह-फॉस्फेटची बॅटरी आली कुठून, हे पाहिलं की आक्षेपाची मूळ चूक उघडी पडते. लिथियम-कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड, म्हणजे बॅटरीतलं धनाग्र, जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये ऑक्सफर्डला शोधला. सोनीने १९९१ मध्ये त्यावर आधारलेली बॅटरी बाजारात आणली. पुढे टेक्सास विद्यापीठात त्याच गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत अक्षय पाधी आणि के. एस. नंजुंडस्वामी या संशोधकांनी स्वस्त लोहाचा पर्याय तपासला. त्यांचा शोधनिबंध १९९७ चा. पदार्थ टिकाऊ होता, सहज पेट घेणारा नव्हता, पण वीज वाहून नेण्यात अगदीच मठ्ठ. त्याच्या कणांवर कार्बनचा पातळ थर चढवला तेव्हा तो कामाचा झाला. तरीही वजनाच्या मानाने तो ऊर्जा कमी साठवतो, म्हणून तो मोटारींत चालणारच नाही, असं जाणकार कितीतरी वर्षं छातीठोकपणे सांगत होते. चीनच्या बीवायडी कंपनीने २०२० मध्ये लांब, चपटे सेल थेट बॅटरीच्या पेटीत बसवून मधल्या खोक्यांची अडगळ काढून टाकली आणि ही उणीव बरीच भरून काढली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबात २०२४ साली जगातल्या विजेवरच्या गाड्यांच्या बॅटरी-बाजारातला जवळपास निम्मा वाटा या रसायनाचा होता.

म्हणजे ज्या धातूचं नाव घेऊन धाक घातला जातो, त्याला वगळून निम्मा बाजार उभाही राहिला. तेलाच्या बाबतीत असं काही घडू शकत नाही. पेट्रोलच्या इंजिनाला इंधन लागतंच, आणि ते रोज लागतं.

हिशेब सोपा आहे. लिटरला १५ किलोमीटर देणारी मोटार वर्षाला १०,००० किलोमीटर धावली तर जवळपास अर्धा टन पेट्रोल जाळते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेवढंच. ३० किलोवॉट-तासांच्या बॅटरीत लिथियम असतं साधारण तीन किलो, आणि बॅटरी म्हातारी झाली तरी ते तीन किलो तिच्यातच राहतं, परत काढता येतं. भारताने २०२४-२५ मध्ये १०० कोटी टनांहून अधिक कोळसा खणला. चंद्रपूरच्या वीज केंद्रात गेलेल्या त्यातल्या हिश्श्याची आता राख आणि धूर झाला आहे. खाणकाम दोन्हीकडे आहे, हे खरं. पण एकीकडे खणलेलं उरतं आणि दुसरीकडे उरत नाही, हा फरक ‘एकाच माळेचे मणी’ म्हणणाऱ्यांना दिसत नाही की पाहायचा नसतो, कोण जाणे.

समर्थकांचीही एक भोळी श्रद्धा तपासायला हवी. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूजवळ रियासी जिल्ह्यात ५९ लाख टनांचा लिथियम-साठा असल्याचा अंदाज जाहीर झाला, तेव्हा देशाला लॉटरीच लागल्यासारखा जल्लोष झाला. लिलाव निघाला, पुरेसे बोलीदार आले नाहीत, तो रद्द झाला. जमिनीतला अंदाज आणि सेलमध्ये जाणारं शुद्ध लिथियम यांच्यामध्ये भट्ट्या, रसायनं, पाणी आणि वर्षानुवर्षांचा हातखंडा लागतो. तो हातखंडा आज चीनकडे आहे. लोह-फॉस्फेटच्या कॅथोडचं जवळजवळ सगळं उत्पादन तिथेच होतं, आणि जुलै २०२५ मध्ये चीनने ते बनवण्याच्या तंत्राच्या निर्यातीवरही निर्बंध घातले. त्याआधी एप्रिलमध्ये दुर्मीळ मृदा धातूंच्या चुंबकांची निर्यात आवळली गेली, तेव्हा भारतातल्या विजेवरच्या दुचाकींच्या कारखान्यांना घाम फुटला होता.

आक्षेप घेणाऱ्यांचा ‘गुलामी’ हा शब्द लागू पडतो तो इथे. फक्त त्यांचं बोट खाणीकडे असतं आणि बेडी असते कारखान्यात. लोखंड आणि फॉस्फेट कुठल्याही देशाच्या मक्तेदारीचे नाहीत. भारतीय संशोधकांचा हात लागलेलं रसायन भारतातच टनावारी तयार होत नाही, याचं कारण भूगर्भशास्त्रात शोधून सापडणार नाही.

लोह-फॉस्फेट ही एक संधी. दुसरी सोडियमच्या सेलची आहे. मीठ कोणत्या समुद्रात नाही? शिवाय सोडियमच्या सेलमध्ये दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा चालतो, तांब्याची गरज उरत नाही. वजनाने तो लिथियमच्या मागे आहे. पण घराच्या इन्व्हर्टरला किंवा सौर प्रकल्पाच्या साठवणीला वजनाचं फारसं सोयरसुतक नसतं. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने आयसर या संशोधन संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेलं सोडियम-आयन तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. ब्रिटनची फॅराडियन ही कंपनी त्याआधीच रिलायन्सने विकत घेतली होती. तंत्र हातात आहे, भांडवलही आहे. नाही ती खात्रीची मागणी.

केंद्राने २०२१ मध्ये बॅटरी-सेलच्या उत्पादनासाठी १८,१०० कोटींची प्रोत्साहन योजना आणली, ५० गिगावॉट-तासांचं उद्दिष्ट ठेवलं. प्रत्यक्षात त्यातला अगदी थोडा भाग उभा राहिला. अनुदानाचं लक्ष सेल जुळवणाऱ्या कारखान्यावर आणि कॅथोडची पावडर मात्र बाहेरून, अशी ही उलटी रचना आहे. राज्यातल्या परिवहन संस्था विजेवरच्या बससाठी निविदा काढतात. या खरेदीत देशी पावडरीची अट टप्प्याटप्प्याने घालता येईल: पहिल्या वर्षी थोडा हिस्सा, मग वाढता. सुरुवातीला बस काही टक्के महाग पडेल आणि लेखापरीक्षक प्रश्न विचारतील. पण गिऱ्हाईक ठरल्याशिवाय तळोज्याचा किंवा दहेजचा कोणताही रसायन-उद्योजक या पावडरीची भट्टी पेटवणार नाही.